एक्केचाळीस नावे माझ्या नावावर

तीन मार्च, सोमवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम पंचवीस हजार रुपये, पाचशेच्या पन्नास नोटा, रबर लावलेल्या. ठिकाण नंदुरबारमधले माझे दुकान. हजर तिघे: मी, माझी पत्नी सुनंदा आणि कोरीटचे नाना. नाना मिरची आणि आमचुराचे व्यापारी, माझ्याच गावचे, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी दुकान टाकले तेव्हा बँकेच्या कर्जाला जामीन तेच राहिले होते. त्यांनी नोटा काउंटरवर ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसले.

"मोजी ले, भाऊ."

"कसाना शेतस, नाना?"

"त्या मोलगीन्या बायास्नं नाव मन्हा नाववर करी दे. वेबसाइटवालं."

मोलगी या डोंगरातल्या गावच्या बायकांच्या वेबसाइटचे नाव त्यांना स्वतःच्या नावावर हवे होते. मी नोटांना हात लावला नाही. पण उत्तरही लगेच दिले नाही, हे इथे लिहून ठेवले पाहिजे. ते लगेच का दिले नाही हे कळायला माझा धंदा आधी कळावा लागेल.

मी वेबसाइट तयार करतो आणि त्यांची नावे नोंदवून देतो. एकोणीस वर्षे झाली. या नावाला डोमेन म्हणतात. पुष्कळ जणांना वाटते की ते एकदा विकत घेतले की संपले. तसे नाही. नाव विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावे नोंदले जाते, मुदत संपायच्या आत पैसे भरून ती वाढवावी लागते, आणि नाही वाढवली तर काही आठवड्यांनी ते नाव जगातल्या कोणालाही घेता येते. नोंदणी करणारी कंपनी वेगळी, माझ्यासारखा मधला माणूस वेगळा, आणि ज्याचे नाव त्या नोंदीत आहे तो नोंदणीदार वेगळा. हक्क सगळे त्या तिसऱ्याचे.

तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे आले होते. मी वर्षाचे पैसे सांगितल्यावर म्हणाले, "वर्षाचं नको, कायमचं पाहिजे. खरेदीखत करून द्या." कायमचे मिळत नाही, जास्तीत जास्त दहा वर्षांचे एकदम भरता येते, असे सांगितले. त्यांनी विचार केला आणि विचारले, "मग माझ्या निवृत्तीपर्यंतचं किती होईल?" चार वर्षांचे भरून गेले. पुढचे पुढच्या मुख्याध्यापकाने बघावे, असा त्यांचा हिशेब. मला तो गैर वाटला नाही. निदान मुदत नावाची गोष्ट त्यांना कळली होती.

कळली नाही ती एका बियाण्यांच्या दुकानदाराला. खरे म्हणजे त्याला कळण्याची सोयच मी ठेवली नव्हती. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी कंपनी नोंदणीदाराला मेल पाठवते. तो पाठवणे तिच्यावर बंधनकारक आहे. त्याच्या नावाचे मेल माझ्याकडे येत, कारण नोंदीत पत्ता माझा होता. त्या काळात आई सुरतला दवाखान्यात होती आणि मी दहा आठवडे मेल उघडले नाहीत. परत आलो तेव्हा मुदतीनंतरचे सवलतीचे दिवसही संपले होते. नंतरचे तीस दिवस नाव परत मिळवता येते, पण त्याचा दर नेहमीच्या दहापट. मी म्हटले, चूक माझी, मी भरतो. तो रागाने म्हणाला, "राहू दे ते नाव, मला तुझ्याशीच व्यवहार नको." नाव गेले. आज ते उघडले की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसते. त्याच्या जुन्या बिलबुकांवर ते अजून छापलेले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या दिवशी माझ्या वहीत एक्केचाळीस नावे होती, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावांचा नोंदणीदार मी होतो.

यात लबाडी नव्हती, पद्धत होती. मी सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाइकाकडे ईमेल नसे. मोबाइल असे, पण नंबर टिकत नसे. डोंगरातली माणसे दिवाळीनंतर गुजरातमध्ये कामाला जातात, तिकडे नवे सिमकार्ड घेतात, होळीला परत येतात तेव्हा जुने बंद पडलेले असते. नोंद केल्यावर पंधरा दिवसांत मेलमधली कळ दाबून पत्ता खरा असल्याची खात्री करावी लागते, नाहीतर नाव बंद पडते. दोनदा तशी नावे बंद पडली. तेव्हापासून मी सगळीकडे माझे नाव, माझा पत्ता, माझा मेल भरू लागलो. गिऱ्हाइकाला त्रास नाही, मला फोन नाहीत. वर्षाला प्रत्येक नावामागे तीनशे रुपये माझे. नंदुरबार, शहादा, तळोदा, आमच्या धंद्यातले बहुतेक जण असेच करतात. मी वह्या नीट ठेवतो, एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही, आणि तरी हे मला कधी खुपले नाही.

मोलगीचे नाव सहा वर्षांपूर्वीचे. तिथे बेचाळीस बायकांचा गट आहे. कैऱ्या सोलायच्या, फोडी करून उन्हात वाळवायच्या, ते आमचूर विकायचे. ते नाना घेत. नानांनाच वाटले की यांची वेबसाइट असावी, म्हणजे माल नावाने ओळखला जाईल. नाना गटाच्या अध्यक्ष मोगीबाई वसावे यांना घेऊन दुकानात आले आणि पहिल्या वर्षाचे आठशे नव्व्याण्णव रुपये त्यांनी माझ्या हातात दिले. पुढच्या पाच वर्षांचे पैसे गटाने दिले. गटाने पिशव्यांवर ते नाव छापून घेतले. मग पुण्याहून आणि सुरतेहून ऑर्डरी थेट गटाकडे येऊ लागल्या आणि नानांकडे जाणारा माल कमी कमी होत गेला. यंदा पुण्याच्या एका दुकानदाराने पूर्ण हंगामाची मागणी नोंदवली होती. मुदत संपत होती एकोणतीस मार्चला. ते नाव नानांच्या हाती गेले असते तर त्या मागणीचा मेल, पत्ता, फोन, सगळे नानांच्या दुकानी वळले असते. बायकांच्या हातात छापलेल्या पिशव्या उरल्या असत्या.

म्हणून पंचवीस हजार.

"पहिला पैसा कोनी दिधा?" नाना म्हणाले. "मी दिधा. तुन्हा समोर दिधा. मंग नाव कोन्हं?"

"नाना, पैसा कोनी दिधा त्यावर ते ठरत नही. नोंदमा कोन्हं नाव शे त्यावर ठरस."

"नोंदमा कोन्हं शे?"

"मन्हं."

नाना हसले. "मंग तर सोपं व्हयनं. तू मालक. तू माले दे. त्या बायास्ले काय समजस त्यामा?"

सुनंदा आतल्या टेबलावर पावत्या लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नाना, पहिले च्या लेवा. साखर बंद शे ना तुमनी?"

"बंद शे. पन तुन्हा हातना च्या गोडच लागस."

चहा येईपर्यंत मला दोन मिनिटे मिळाली. मी वहीतले पान काढले. नानांच्या मिरचीच्या दुकानाचे नाव अकराव्या ओळीवर होते.

"नाना, तुमन्या मिरचीना दुकाननं नाव कोन्हा नाववर शे, माहित शे का?"

"मन्हा. दुसरं कोन्हं ऱ्हाई?"

"तेबी मन्हाच नाववर शे."

नानांनी कप खाली ठेवला. वही ओढून घेतली, चष्मा लावला, अकरावी ओळ बोटाने वाचली. नोंदणीदाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझेच नाव होते. तेच ते अक्षर एक्केचाळीस वेळा.

"हाई कसं काय?"

"तवय तुमनाकडे ईमेल नव्हता, म्हनीसन मी मन्हं टाकी दिधं. आते सांगा, उद्या धुळाना कोनी येपारी उना, मन्हा समोर पन्नास हजार ठेवात, तर तुमनं नाव त्याले देऊ का?"

"तू मन्हं नाव इकशी?"

"नही इकणार. म्हनीसन हाईबी नही इकणार."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. रागावले होते हे उघड होते, पण कोणावर ते त्यांचे त्यांनाही ठरवता येत नसावे. शेवटी नोटा खिशात घालून उठले. दारात थांबून म्हणाले, "जामीन व्हतू तवय तुन्हा कागद मी वाचा नव्हता. वाचाले जोयजे व्हता." आणि गेले.

सुनंदा म्हणाली, "त्यास्नं खरं शे. त्यास्नी तुमना कागद नही वाचा, आनि तुम्ही कोन्हालेच कागद दावा नही."

त्या दुपारी मी एक काम केले जे एकोणीस वर्षांत केले नव्हते. नोंदणीदाराचे हक्क आणि कर्तव्ये या नावाचे एक पत्रक प्रत्येक नोंदीबरोबर कंपनीकडून येते. इंग्रजीत असते. मी ते छापून काढले आणि पेन्सिल घेऊन वाचले. नोंदणीदाराला आपली नोंद कधीही बघता आली पाहिजे. मुदतवाढीचे दर आणि नियम त्याला आधी कळले पाहिजेत. नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायचे असेल तर त्यासाठी लागणारा संकेतांक मागितल्यापासून पाच दिवसांत दिला पाहिजे. हे सगळे हक्क होते. आणि कर्तव्य एक, बाकी सगळ्याच्या मुळाशी असलेले: नोंदीतली माहिती खरी ठेवणे.

मी वही उघडून मोजले. एक्केचाळीसपैकी खरी नोंद एक. माझ्या स्वतःच्या दुकानाची. चाळीस खोट्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मोलगीला गेलो. अक्कलकुव्यापर्यंत एसटी, पुढे जीप. मोगीबाई बाजारात भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक, आवाज हळू. डोंगरात लहानमोठा, साहेब, मास्तर, सगळ्यांना तू म्हणतात. त्यात उणे काही नसते. घरी त्या त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्याशी मराठीत. मी सगळे जसेच्या तसे सांगितले, नानांच्या नोटांसकट.

त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पिशवीवर नाव कोणाचं?"

"तुमचं."

"कागदावर?"

"माझं."

"मग पिशवी खोटी का कागद खोटा?"

"कागद खोटा."

"सहा वर्षं आमचं नाव तुझ्या घरी होतं, भाऊ. तू सांगितलं नाही."

मी म्हटले, नाही सांगितले.

मग त्या म्हणाल्या, "त्या नानाने पैसे दिले म्हणतो, ते आमच्या आमचुरात कापले होते त्याने. वजन झालं, पैसे मोजले, आणि म्हणे आठशे नव्व्याण्णव वेबसाइटचे. मी तिथंच होते." हे मला नवे होते. नंतर मी नानांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "कापा व्हतीन. माले याद नही." नानांना चार वर्षांपूर्वीचा मिरचीचा भाव तारखेसह याद असतो.

मी मोगीबाईंना म्हटले, तुमच्या नावावर करून देतो, आजच सुरू करू. त्यांनी मान हलवली. "माझ्या का? मी एकटीने आमचूर वाळवलं का?"

"नोंदीत एकाचंच नाव बसतं."

"मग नको. एकीच्या नावावर गेलं की उद्या ती सासरी गेली, मेली, भांडली, तर बाकीच्या काय करतील? तुझ्यासारखंच होईल."

हे त्यांनी पत्रक न वाचता सांगितले. मी मोबाइलवर अर्ज उघडला आणि पहिल्यांदा तो नीट पाहिला. नोंदणीदाराच्या नावाखाली संस्थेची ओळ असते. ती भरली तर नोंदणीदार ती संस्था ठरते आणि वरचे नाव फक्त संपर्काचे राहते. ती भरणे सक्तीचे नाही, म्हणून मी एकोणीस वर्षे ती रिकामी सोडत आलो होतो. मी सांगितले, इथे गटाचे नाव लिहू. त्या म्हणाल्या, "लिही. पण होळीला. अकरा जणी अजून गुजरातमध्ये आहेत. सगळ्या असल्याशिवाय ठराव होत नाही."

होळी चौदा तारखेला, मुदत एकोणतीसला. मधल्या दिवसांत मला सारखे वाटत होते की काही झाले तर? मोटारसायकलवरून मी पडलो तर ते नाव कोणाचे? सुनंदाला मी कंपनीच्या खात्याचा पासवर्ड लिहून दिला आणि मोलगीच्या नावापुढे खूण करून ठेवली. ती म्हणाली, "बाकीना एकोणचाळीस?" मी त्यांच्यापुढेही खुणा केल्या.

होळीचा सण आटोपल्यावर, अठरा तारखेला, गटाची सभा. शाळेमागच्या उतारावर, कारण मोबाइलला रेंज तिथे येते. बेचाळीसच्या बेचाळीस जणी गोल करून बसल्या होत्या. दोघी नर्मदाकाठच्या मणिबेलीच्या बाजूच्या, पहाटेच होडीने निघालेल्या. ठरावाच्या वहीत सचिव असलेल्या ठुमलीबाईंनी चार ओळी लिहिल्या, आणि वही हातोहात फिरली. ज्यांना सही येते त्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठा. ही त्यांची पद्धत. सगळ्यांचा हात लागल्याशिवाय काम झाले असे त्या मानत नाहीत.

गटाच्या फोनवर गटाचा ईमेल उघडला. बदलाला दोन्हीकडून होकार लागतो, जुन्या नोंदणीदाराचा आणि नव्याचा. मी माझा दिला. मग त्यांच्या फोनवर मेल आला. मी त्याचा मराठीत अर्थ सांगितला, दोनदा. निळी कळ दाखवली. मोगीबाईंनी ती दाबली. झाले.

पण मी माझी वही काढेपर्यंत त्यांनी फोन शेजारणीकडे दिला होता, आणि तिनेही ती कळ दाबली. पडद्यावर लाल अक्षरे आली.

"मोडलं का?" तिने विचारले.

फोन घेऊन वाचले. ही कळ एकदा वापरून झाली आहे, आता चालणार नाही, एवढाच मजकूर. मी माझ्या फोनवर नोंद उघडली. नोंदणीदाराच्या जागी गटाचे नाव आले होते. तसे सांगितले.

"म्हणजे मोगीचाच हात लागला," ती म्हणाली. "आमचा नाही."

"एकदाच दाबायची असते, बाई. पहिलीतच सगळ्यांचं झालं."

"तुझ्या फोनला एकीचं पुरतं. आम्हाला नाही पुरत."

फोन गोलात फिरला. बेचाळीसपैकी प्रत्येकीने कळ दाबली आणि मोगीबाई सोडून प्रत्येकीला लाल अक्षरे दिसली. एकीने माझ्याकडे बघून विचारले, "तुझ्या कंपनीला राग नाही ना येत?" मी म्हटले, नाही. एक म्हातारी म्हणाली, "आला तर येऊ दे. सहा वर्षं गप्प होती ती." सगळ्या हसल्या, मीही हसलो, कारण सहा वर्षे गप्प कंपनी नव्हती.

त्यानंतर नाव माझ्या खात्यातून त्यांच्या खात्यात टाकले. ठुमलीबाईंना पासवर्ड त्यांच्या हाताने तयार करायला लावला आणि मी तोंड फिरवून उभा राहिलो. मुदतवाढ कशी भरायची ते दाखवले, पण भरली नाही. ती त्यांनी भरायची होती. मोगीबाईंनी विचारले, "तुझं किती?" मी म्हटले, काही नाही. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी तुझे तीनशे?" मी म्हटले, तेही नाहीत, आता माझे काम उरले नाही. जीपमध्ये बसल्यावर मला जाणवले की चाळीस नावांचे तीनशेप्रमाणे वर्षाचे बारा हजार मी आपल्या हाताने बंद करणार आहे. हा आकडा मी सुनंदाला घरी जाऊन सांगितला. ती म्हणाली, "सांगाले उशीर करा नही, हाई बरं करं."

या दिवाळीपर्यंत चाळीसपैकी सदतीस नावे ज्याची त्याला दिली. तिघांचा पत्ता लागत नाही, त्यांची मुदत मी भरतो आणि शोधतो आहे. नाना एप्रिलमध्ये स्वतःहून आले. त्यांच्या नोंदीत त्यांचे नाव भरले. त्यांनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतली आणि मग कळ दाबली. मोलगीबद्दल ते बोलले नाहीत. यंदा आमचूर घ्यायला ते स्वतः मोलगीला गेले आणि पुण्याचा दुकानदार देतो त्याच दराने घेतले, एवढे मला बाजारातून कळले.

मोलगीच्या नावाची मुदत सव्वीस मार्चला वाढली, तीन दिवस आधी. दोन वर्षांचे दोन हजार पाचशे शहाण्णव रुपये, करासह, गटाच्या बँक खात्यातून थेट कंपनीला. नानांना काही नाही, मला काही नाही. पावती मी पाहिलेली नाही. ती त्यांच्या मेलवर गेली. आकडा मोगीबाईंनी फोनवर सांगितला, तो मी इथे लिहिला आहे.